परत आलेल्याला विस्तव कोण देणार?

‘‘ताई, पोरगं चार महिने झाले उंबऱ्याबाहेर पडलेलं नाही. त्याला काहीतरी मोठं करून दाखवायला सांगू का? म्हणजे लोकांची तोंडं तरी बंद होतील.’’ भरती होऊन ट्रेनिंगमधून अर्ध्यावर परत आलेल्या मुलांचे आईवडील मला हे नेहमी विचारतात. म्हणून एका मुलाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

भरती झाली तेव्हा गावानं त्याची मिरवणूक काढली होती, एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला होता. सहाव्या महिन्यात तो ट्रेनिंग सोडून घरी आला. वडिलांनी रात्रीतून फ्लेक्स उतरवला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला, चेहरा आतल्या बाजूला करून. म्हशींना वैरण काढताना त्याला रोज स्वतःचाच गणवेशातला हात दिसायचा.

माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या टी-शर्टवर स्पार्टाचं, म्हणजे प्राचीन ग्रीसमधल्या लढवय्या नगरराज्याचं, शिरस्त्राण होतं. जिममधल्या पोरांच्या अंगावर हे चित्र सर्रास दिसतं. थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेला अडवणाऱ्या स्पार्टाच्या तीनशे जणांची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. म्हणाला, ‘‘ते मेले मॅडम. परत नाही आले. मी आलो.’’

मी म्हटलं, ‘‘त्यातले दोघं परत आले होते.’’

त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

इ.स.पू. ४८० मधली ही गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहून ठेवली आहे. अ‍ॅरिस्टोडेमस आणि युरिटस या दोघांचे डोळे इतके आले, की राजा लिओनिडासनं त्यांना छावणीतून मागे पाठवलं. शेवटच्या लढाईची बातमी आली तेव्हा युरिटसनं चिलखत चढवलं, गुलामाला हात धरून खिंडीपर्यंत न्यायला लावलं आणि तिथं मेला. अ‍ॅरिस्टोडेमस घरी आला. लिओनिडासनं मुलगे असलेलेच सैनिक निवडले होते, म्हणजे घरी त्याची वाट बघणारं पोर असणार. पण स्पार्टात त्याच्याशी कुणी बोलेना. चुलीला विस्तवसुद्धा कुणी देईना. ‘थरथरणारा’ हेच त्याचं नाव पडलं.

विस्तव न देणं म्हणजे काय, हे मला त्याला समजावून सांगावं लागलं नाही. वाळीत टाकलेल्या घराला विस्तव-पाणी बंद, हे त्यानं आजीकडून ऐकलेलं होतं.

परत आलेला दुसरा म्हणजे पँटायटीस. त्याला निरोप घेऊन थेसलीला पाठवलं होतं, म्हणून तो वाचला. परतल्यावर झालेली बेअब्रू त्याला सोसवली नाही, त्यानं स्वतःचा जीव घेतला.

इथं थांबून मी सरळ विचारलं, ‘‘तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?’’ असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याचा जीव हलका होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘कुणाला तरी वाचवताना मेलो तर गावात नाव निघेल, असं वाटतं.’’

अ‍ॅरिस्टोडेमसनं नेमकं हेच केलं. पुढच्याच वर्षी, इराण्यांशीच झालेल्या प्लाटीयाच्या लढाईत तो रांग सोडून एकटा शत्रूवर तुटून पडला आणि मेला. हेरोडोटसच्या मते त्या दिवशी सगळ्यांत शूर तोच ठरला. स्पार्टानं मात्र सन्मान इतरांचा केला, त्याचा नाही. हा मरायलाच आला होता, असं त्यांचं म्हणणं. मला त्या लोकांचा राग येतो. तो मरायला निघालाय हे त्यांना दिसत होतं, आणि वर्षभर एकानंही त्याला निखारा दिला नाही.

त्या दिवशी मी वडिलांना आत बोलावून सगळं मुलासमोरच सांगितलं. त्याला रात्री एकटं सोडायचं नाही हे ठरलं, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घालून दिला.

पुढच्या भेटीत त्यानंच विचारलं, ‘‘परत येऊन जगलेलं कुणीच नाही का?’’

आहेत. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाच्या बाजूच्या २९२ जणांनी अथेन्सपुढे शस्त्रं खाली ठेवली. त्यांतले सुमारे १२० स्पार्टाचे पूर्ण नागरिक होते. चार वर्षं अथेन्सच्या कैदेत काढून ते घरी आले. स्पार्टानं त्यांचे हक्क काढून घेतले. पद नाही, खरेदी-विक्री नाही. पण काही काळानं ते हक्क परत दिले. त्यासाठी कुणाला रांग सोडून मरावं लागलं नाही.

म्हणून ‘काहीतरी मोठं करून दाखव’ असं मुलाला सांगू नका. आम्ही फार लहान कामं धरली. पहाटे डेअरीला दूध घालायचं, आणि तिथं एका माणसाशी एक वाक्य बोलायचं. पहिल्या आठवड्यात दोनदाच जमलं. वडिलांना मी एकच सांगितलं, फ्लेक्सचं काय करायचं ते त्याला विचारून करा. त्यानं तो गंजीवरच राहू दिला. म्हणाला, पावसाळा तोंडावर आहे.

तिसऱ्या महिन्यात तो सांगत होता, ‘‘मी आल्यापासून चुलता बोलला नव्हता. परवा रात्री लाईट आली तेव्हा दारात येऊन म्हणाला, बॅटरी घे, मोटर चालू करायला चल.’’

‘‘मग?’’

‘‘गेलो. उजाडेपर्यंत उसाला पाणी दिलं.’’