हेड उघडण्याआधी लेखी तपासणी

प्रश्न : आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. माझी २०१७ सालची पेट्रोल गाडी गेल्या काही महिन्यांपासून गरम होते. सुरुवातीला फक्त घोडबंदर रोडच्या जॅममध्ये काटा वर जायचा, हायवेला लागलं की खाली यायचा. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजने आधी रेडिएटर धुऊन कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदललं (४,६०० रुपये), मग थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बदलला (५,८००), मग वॉटर पंप (१४,२००, हिशेब साध्या कागदावर, पैसे देणं बाकी). तरीही काटा चढायचाच. विचारलं तर त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवला, ‘ताई, एसी बंद करून चालवत राहा, काही होत नाही.’ नंतर ऐरोली पुलावर काटा थेट लालमध्ये गेला. मी तशीच तीनेक किलोमीटर चालवून ऑफिस गाठलं. तेव्हापासून कूलंट कमी होतं, पण खाली गळती दिसत नाही, आणि सकाळी पांढरा धूर येतो. गाडी टो करून गॅरेजला नेली. ते म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली सील) उडाली, चूक तुमची, ६२,००० लागतील. पंपाचे पैसे आणि रोजचं ३०० रुपये पार्किंग दिल्याशिवाय गाडी सोडणार नाहीत. मिस्टर म्हणतात, गाडीची पूर्ण किंमत मागू. दीर म्हणतात, दुसरी किल्ली आहे, रात्री जाऊन गाडी काढून आणू. काय करावं?

उत्तर : आधी दिरांना थांबवा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, वस्तूवर मेहनत आणि कसब लावून काम करणाऱ्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. अशी कायदेशीरपणे अडवलेली वस्तू मालकानेच उचलून नेली तर ती चोरी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचं नेमकं हेच उदाहरण आहे. आज तुम्ही फिर्यादी आहात. त्या किल्लीने एका रात्रीत आरोपी व्हाल.

मात्र गॅरेजचा हा हक्क केलेल्या कामापुरता, म्हणजे फार तर १४,२०० रुपयांपुरता आहे. हेडचं काम झालेलंच नाही, तेव्हा ६२,००० साठी गाडी अडवता येत नाही. पार्किंगचं भाडं जॉबकार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) किंवा मेसेजमध्ये आधी ठरलेलं नसेल तर तेही देणं लागत नाही. गाडी ते स्वतःच्या वसुलीसाठी अडवून बसलेत, तुमच्या सोयीसाठी नव्हे. १४,२०० यूपीआयने किंवा चेकने द्या आणि सोबत लेखी कळवा : ‘ही रक्कम मान्य नाही. माझे सर्व हक्क राखून, केवळ गाडी सोडवण्यासाठी देत आहे.’ पक्कं बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुना थर्मोस्टॅट आणि जुना पंपही परत मागा. थर्मोस्टॅट चांगला होता की खराब, हे गरम पाण्याच्या पातेल्यात टाकूनही कळतं, आणि निघालेला थर्मोस्टॅट ठणठणीत असेल तर तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमची केस कायद्यापेक्षा निदानावर उभी राहणार किंवा पडणार आहे. ‘तीनदा पैसे घेतले आणि गाडी सुधारली नाही’ एवढ्याने सेवेतली त्रुटी सिद्ध होत नाही. प्रामाणिक प्रयत्नही फसतात. त्रुटी होते ती कोणत्याही बऱ्या मेकॅनिकने केलीच असती अशी तपासणी न करता भाग बदलत सुटल्यावर.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणूनच पैशांचं नाही, ते जॅम आणि हायवेचं आहे. उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवा खेचायचं काम फक्त पंखा करतो. गाडी पळायला लागली की हवा आपोआप मिळते. त्यामुळे जॅममध्ये चढणारा आणि हायवेला उतरणारा काटा दिसला की आधी पंख्याची मोटर, तिचा रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच), फ्यूज आणि तापमानाचा सेन्सर बघायला हवा. आतून चोंदलेला रेडिएटर बहुधा उलटं वागतो : घाटात किंवा वेगात, इंजिन जास्त तापतं तेव्हा तो त्रास देतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर जॅम असो वा हायवे, काटा थोड्याच वेळात चढतो. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही कामांत पंख्याचा उल्लेख नाही. मी मेकॅनिक नाही, आणि थकलेला पंपही कधी कधी जॅममध्येच दगा देतो. तरी पंखा एकदाही तपासला नसेल तर ‘का तपासला नाही’ याचं उत्तर गॅरेजला द्यावं लागेल.

कूलंट बाहेर न गळता कमी होणं आणि सकाळचा पांढरा धूर ही गॅस्केट गेल्याचीच लक्षणं वाटतात. तिथे गॅरेज खोटं बोलत नसावं. वाद आहे तो गॅस्केट कशामुळे गेली याचा. मूळ बिघाड पंख्याचा होता, तो सापडलाच नाही, गाडी पुन्हा पुन्हा तापली आणि शेवटी गॅस्केट गेली, अशी साखळी तुम्हाला दाखवायची आहे. आणि एकदा हेड उघडलं, फेसिंग केलं (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट केला), नवी गॅस्केट बसवली की तिचा निम्मा पुरावा भंगारात जातो.

म्हणून त्या गॅरेजला हेड उघडू देऊ नका. गाडी चालू न करता टो करून दुसऱ्या चांगल्या वर्कशॉपला न्या आणि उघडण्याआधीच्या तपासण्या जॉबकार्डवर लिहून घ्या : पंखा, रिले आणि सेन्सर चालतात का, कूलंट सिस्टिमची गळती शोधणारी प्रेशर टेस्ट, आणि कूलंटमध्ये जळलेला गॅस येतोय का हे दाखवणारी ब्लॉक टेस्ट, जिच्यात निळं द्रावण पिवळं पडतं. शक्य असेल तर परवानाधारक मोटर सर्व्हेयर किंवा ऑटोमोबाईल इंजिनिअरचा अहवाल प्रतिज्ञापत्रासह घ्या. हेड उघडायची तारीख आधीच्या गॅरेजला लेखी कळवा आणि हजर राहायला बोलवा. आले नाहीत तरी व्हिडिओ काढा, हेडला किती बाक आलाय ते मोजून लिहून घ्या, जुनी गॅस्केट पिशवीत बांधून ठेवा. ‘आमच्या पाठीमागे केलं’ हा बचाव ग्राहक आयोगात हमखास येतो.

आता तुमची कमजोर बाजू. ती तीन किलोमीटर. काटा लालमध्ये गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. गॅरेज त्यावरच बोट ठेवेल. ही गोष्ट तक्रारीत लपवू नका. उलटतपासणीत बाहेर आली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जाईल. तिच्यावरचा उतारा म्हणजे तो व्हॉइस मेसेज. तो फोनमधून पुसू नका, फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोगाची पद्धत सुटसुटीत असली तरी हे प्रमाणपत्र जोडलेलं बरं. एवढं करूनही हेडच्या खर्चाचा काही वाटा तुमच्याकडे येईल असं धरून चाला.

मिस्टरांची मागणी मात्र सोडून द्या. अगदी नव्या गाडीच्या बाबतीतही, सदोष भाग बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या निकालात म्हटलं आहे. इथे तर गाडी जुनी आणि समोर नुसतं गॅरेज. फुकट गेलेल्या दुरुस्त्यांचे पैसे, हेडचा खर्च, कॅबच्या पावत्या, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च एवढंच मागा. फुगवलेला आकडा बघून आयोगाचं मत आधीच गढूळ होतं. विम्याकडूनही आशा नको : नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

आधी पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तरी वाट बघू नका.

नोटीस गेल्यावर गॅरेजवाला बहुधा तडजोडीचा फोन करेल : ‘ताई, मजुरी सोडतो, गाडी इकडेच आणा.’ हेडचं काम पुन्हा त्याच हातात देणं मला पसंत नाही. पैशांत तडजोड करत असाल तर जरूर करा, पण रक्कम आणि तारीख कागदावर आल्याशिवाय आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ‘आता माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका.