कादंबरीत कोण मरणार, कोण वाचणार हे लेखक आधीच ठरवून ठेवतात का?

ढोबळ शेवट बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, पण पात्राचं नेमकं काय होणार हे बहुतेक वेळा लिहिता लिहिताच ठरतं आणि पुष्कळदा बदलतंही. कारण एकदा स्वभाव दिला की त्या माणसाच्या हातून काय होईल आणि काय होणारच नाही हे त्यातूनच ठरत जातं, म्हणजे जो माणूस शंभर पानं कुणापुढे मान तुकवत नाही त्याला शेवटच्या प्रकरणात एकदम माफी मागायला लावली तर वाचकाला लगेच खटकतं, मग एकतर शेवट बदला नाहीतर मागे जाऊन कुठेतरी त्याची एक हळवी बाजू पेरून ठेवा (खरी मेहनत तिथेच असते). बाहेरूनही दबाव येतो. इंग्रज कादंबरीकार डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती एस्टेला कायमचे दुरावतात असा शेवट लिहिला होता, बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून १८६१ मध्ये छापायच्या आधी तो बदलला, मला पहिलाच जास्त खरा वाटतो. कॉनन डॉयलने तर १८९३ मध्ये आपल्या गुप्तहेर शेरलॉक होम्सला कथेत मारलं, कारण त्याला दुसरं लिखाण करायचं होतं, आणि १९०३ मध्ये त्यालाच जिवंत करून परत आणलं. रहस्यकथेचं मात्र जरा वेगळं आहे, तिथे खुनी कोण हे बहुतेक लेखक आधीच पक्कं करतात, नाहीतर पहिल्या पानापासून धागेदोरे पेरणार कसे?