वाचकांचे प्रश्न : खेळातून गिट

प्रश्न : पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवते. ‘लर्न गिट ब्रँचिंग’ या खेळाची पहिली पातळी त्यांनी भराभर पार केली. पण खऱ्या फोल्डरवर बसवलं की ‘अॅड’ ही आज्ञा कशाला लागते तेच कळत नाही, आणि कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) आला की हात थांबतात. कुठे चुकतंय?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : मुलांचं काही चुकलेलं नाही. त्या खेळात कमिटचे (बदलांच्या पक्क्या नोंदींचे) गोल दिसतात, ब्रँचच्या (कामाच्या वेगवेगळ्या फांद्यांच्या) चिठ्ठ्या दिसतात, पण फाइलीच नसतात. त्यामुळे तिथे अॅड करावं लागत नाही आणि कॉन्फ्लिक्टही होत नाही. रीबेस (एका ब्रँचचे कमिट दुसरीच्या टोकावर पुन्हा रचणं) समजावायला तो खेळ उत्तमच आहे, तेव्हा तो नंतरसाठी ठेवा. आधी एक तास कागदावर खेळा.

चौघांचा गट करा. टेबलावर खडूने तीन चौकोन आखा : काम, तयारी, इतिहास. एका कागदावर पाच ओळी लिहा : पोहे 2 वाट्या, कांदा 1, मीठ 1 चमचा, साखर अर्धा चमचा, लिंबू अर्धं. हा कागद म्हणजे आपली फाइल.

‘अॅड’ म्हटलं की कागद तयारीच्या चौकोनात सरकवायचा नाही, त्याची नक्कल करून ती तिथे ठेवायची. बरेच शिक्षक कागदच सरकवतात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. नक्कल ठेवून झाल्यावर मूळ कागदावर कांदे 2 करायला सांगा आणि मग ‘कमिट’ म्हणा, म्हणजे तयारीतली नक्कल इतिहासात ठेवायची. इतिहासात जाईल तो 1 कांदा. असं का झालं हे मुलांनाच सांगू द्या. खऱ्या गिटमध्येही कमिटच्या आधी ‘गिट स्टेटस’ दिलं, तर तीच फाइल दोन्ही याद्यांत (तयारीत घेतलेले बदल आणि अजून न घेतलेले बदल) का दिसते, ते त्यांना लगेच उमगतं.

आता कॉन्फ्लिक्ट. इतिहासातल्या शेवटच्या कागदाच्या दोन नकला दोघांना द्या. एकीने मीठ अर्धा चमचा करायचं, दुसऱ्याने दीड. पहिलीचं काम मुख्य ब्रँचमध्ये बिनतक्रार जातं, दुसऱ्याचं अडतं. गिट काय लिहितं ते फळ्यावर जसंच्या तसं लिहा (हेड म्हणजे आपण सध्या ज्या ब्रँचवर आहोत ती, इथे मुख्य) :

<<<<<<< हेड
मीठ अर्धा चमचा
=======
मीठ दीड चमचा
>>>>>>> दुसरी-ब्रँच

मीठ किती, हे गटाने ठरवायचं. तिन्ही खुणांच्या ओळी पुसायच्या, मग अॅड, मग कमिट. एखादी खूण राहून गेली तरी गिट अडवत नाही, ती तशीच फाइलीत जाते. प्रोग्राम फुटला की मगच कळतं.

पुढचा डाव : एकाने कांदा बदलायचा, दुसऱ्याने मीठ. ओळी वेगळ्या असूनही कॉन्फ्लिक्ट येतो, कारण त्या लागून आहेत. कांदा आणि साखर बदलली तर मध्ये मिठाची न बदललेली ओळ राहते आणि मर्ज (दोन्ही बदल एकत्र करणं) आपोआप होतं.

यानंतर ‘ओ माय गिट’ हा खेळ द्या. तो मोफत आहे, पत्त्यांनी खेळता येतो आणि त्याच्या पोटात खरं गिट चालतं. पत्ते टाकण्याऐवजी आज्ञा टाइप करायला लावा, नाहीतर मुलं पत्त्यांवरच विसंबतात.

प्रश्न : लॅबमध्ये सगळ्यांच्या कमिटवर एकाच मुलाचं नाव येतं.

उत्तर : लॉगिन एकच आहे आणि कोणीतरी नाव ‘ग्लोबल’, म्हणजे त्या लॉगिनच्या सगळ्या प्रोजेक्टना, लावून ठेवलंय. प्रत्येकाने आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘ग्लोबल’ न लिहिता यूजर-नेम आणि यूजर-ईमेल कॉन्फिग करावं. आधीच्या कमिटवरची नावं त्याने बदलत नाहीत. फक्त शेवटचं कमिट दुरुस्त करायचं असेल, तर कमिटच्या आज्ञेत ‘अमेंड’ या पर्यायासोबत ‘रीसेट-ऑथर’ वापरा.