वर्गणीच्या पावत्या एकदम कशा नोंदवाव्यात?

प्रश्न : खानापूरजवळच्या आमच्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी मार्चअखेर एकदमच येते. सॉफ्टवेअरमध्ये एकेक सभासद उघडून पावती करताना रात्र होते. सगळ्या एकगठ्ठा भरता येतील का? – एक चिटणीस

उत्तर : येतील. तुमच्या सॉफ्टवेअरात एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी) फाइल चढवायची सोय आहे का पाहा; बहुतेकांत असते. सभासद क्रमांक, रक्कम, तारीख, रोख की यूपीआय, एवढे रकाने पुरेत. नावावर विसंबू नका. आपल्याकडे एका गल्लीत पाटलांचीच घरं, त्यात बँकेच्या उताऱ्यात स्पेलिंग भलतंच. क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर एक्सेल ००४५ चं ४५ करतं आणि पावती कुणाच्याच खात्यावर बसत नाही. यूपीआयच्या १२ अंकी संदर्भ क्रमांकाचा रकाना मात्र वाढवाच. दुबार नोंद त्यानंच सापडते. ३१ मार्चला आलेले पैसे २ एप्रिलला नोंदवलेत तरी तारीख ३१ मार्चचीच घाला, नाहीतर हिशेबाचं वर्षच बदलेल.

आधी बॅकअप घ्या, चार-पाच ओळी चढवून बघा, मग बाकीच्या. बेरीज बँकेच्या उताऱ्याशी आणि रोजकिर्दीशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी जुळवा. आणि रोख देणाऱ्या वयस्कर सभासदांना छापील पावती हातात द्या. मोबाईलवरच्या संदेशावर त्यांची बोळवण करू नका.