पॅरिश कळेपर्यंत समुद्र ओलांडू नका

वाचकांचे प्रश्न : वंशावळीचा शोध. या वेळी स्कॉटलंडहून कॅनडात गेलेल्या घराण्यांबद्दल.

प्रश्न : माझ्या जावयाचे खापरपणजोबा डोनाल्ड मॅकडोनाल्ड १८३० च्या सुमारास स्काय बेटावरून ओंटारिओत आले, एवढंच घरात माहीत आहे. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर नाव टाकलं की याद्याच्या याद्या येतात. यातले आमचे कोणते?

उत्तर : सध्या कोणालाच आपलं म्हणू नका. वंशावळ बिघडते ती बहुधा इथेच : नाव जुळलं, वय साधारण जुळलं, की जोडून मोकळे. स्काय म्हणजे काही एक गाव नव्हे. तिथे सात पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले विभाग, होत्या : पोर्ट्री, स्लीट, स्ट्रॅथ, ब्रॅकडेल, ड्युरिनिश, किलम्यूर आणि स्निझॉर्ट. प्रत्येकीची नोंदवही वेगळी, आणि बहुतेक वह्या १८०० नंतर सुरू झालेल्या. तुमचे डोनाल्ड १८०० च्या आसपास जन्मले असतील, तर त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद मुळात नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे यादीत जे दिसतात, त्यांत ते नसतीलही. शिवाय शोध फुकट असला, तरी प्रत्येक नोंदीची प्रतिमा पाहायला क्रेडिट विकत घ्यावी लागतात. अंदाजाने प्रतिमा उघडत बसलात तर पैसे जातील आणि हाती काही लागणार नाही.

तेव्हा आधी कॅनडाकडची बाजू पिळून काढा. तीही एकट्या डोनाल्डची नव्हे, तर बायकोची, भावंडांची, सगळ्या मुलांची. सुरुवात थडग्यांपासून करा. 'स्काय बेटावरच्या किलम्यूर पॅरिशचे रहिवासी' असं दगडावर कोरायची रीत स्कॉटिश वसाहतींत होती, आणि ती ओळ डोनाल्डच्या दगडावर नसली तरी भावाच्या किंवा मेहुण्याच्या दगडावर असू शकते. त्यानंतर लग्नाच्या नोंदी. ओंटारिओत नागरी नोंदणी १ जुलै १८६९ पासून सुरू झाली, पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, विवाहवह्या १८५८ पासूनच्या आहेत. त्यांत वधूवरांचं जन्मस्थान आणि आईवडिलांची नावं असतात. पाच वर्षांचा असताना बोटीवर चढलेला मुलगा १८६० मध्ये बोहल्यावर उभा राहिला असेल, तर जन्मस्थानाच्या रकान्यात नुसतं 'स्कॉटलंड' न लिहिता पॅरिशचं नाव लिहिलेलं असण्याचा संभव आहे. मृत्यूनोंदीवर मात्र फार आशा ठेवू नका. सुरुवातीच्या कित्येक वर्षांच्या नोंदींत आईवडिलांची नावं नाहीत.

जमिनीसाठी केलेले अर्ज कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने नावानुसार सूची करून मोफत खुले केले आहेत. अर्जदार कुठून आला, कधी आला, घरात माणसं किती, हे त्यांत सापडतं. १८२० च्या दशकाअखेर सरकार फुकट जमीन देण्याऐवजी विकू लागलं, म्हणून तुमच्या काळातले अर्ज कमी आहेत. तरी पाहून घ्या. १८५१ ची जनगणना (ती प्रत्यक्षात झाली जानेवारी १८५२ मध्ये) उघडाल तेव्हा डोनाल्डच्या पानाच्या मागची दोन आणि पुढची दोन पानंही वाचा. ही माणसं एकेकटी सुटी येत नसत, एका गावची घरं शेजारीशेजारी वसत. शेजाऱ्याची पॅरिश कळली तर तुमचीही तीच असण्याचा संभव मोठा. संभवच, पुरावा नव्हे.

पॅरिश हाती आली की मग समुद्र ओलांडा, आणि शोध घ्या तो न गेलेल्या माणसांचा. स्कॉटलंडमध्ये नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. तेव्हापासून मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईचं आणि वडिलांचं नाव असतं, आईचं माहेरच्या आडनावासह. समजा, डोनाल्डची मोठी बहीण मागेच राहिली आणि १८६२ मध्ये सत्तर वर्षांची होऊन वारली. तिचा जन्म १७९२ च्या सुमाराचा, म्हणजे चर्चच्या वहीत तिचा पत्ता नाही. पण दाखल्यावर तिच्या आईवडिलांची नावं आहेत, आणि तेच डोनाल्डचे आईवडील. माहिती कोणी दिली तेही बघा. मुलाने दिली असेल तर भरवशाची. जावयाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल, तर मृताच्या आईचं नाव चुकलेलं किंवा 'माहीत नाही' असंही असतं. आणि कोणी नेमकं १८५५ मध्येच वारलं असेल तर तो दाखला सोडू नका. त्या एका वर्षी जन्मस्थान आणि सगळ्या मुलांची नावं वयांसकट लिहीत, परदेशी गेलेला मुलगाही त्यात येऊ शकतो. कारकुनांना तो व्याप झेपला नाही, पुढच्या वर्षी फॉर्म आखडला.

प्रश्न : पूर्वजांचं जहाज कोणतं, हे काही केल्या सापडत नाही. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा कुठेच नाही. कॅनडाला आलेल्या प्रवाशांच्या सलग याद्या क्वेबेक बंदरासाठी १८६५ पासून आणि हॅलिफॅक्ससाठी १८८१ पासून उपलब्ध आहेत. त्याआधीच्या तुरळकच. १७७३ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक ब्रूमहून नोव्हा स्कोशातल्या पिक्टूला गेलेल्या 'हेक्टर'सारख्या जहाजांच्या याद्या छापल्या गेल्या, म्हणून सगळ्याच जहाजांच्या असतील असं वाटतं, इतकंच. एरवी लाकूड आणणारी जहाजं परतताना माणसं भरून नेत, आणि त्यांची नावं जपून ठेवायची कोणाला गरज नव्हती. ब्रिटनमधून निघणाऱ्यांच्या याद्या १८९० पासून आहेत. १९२० च्या दशकापासून त्यांत ब्रिटनमधला शेवटचा पत्ताही मिळतो. माणूस न्यूयॉर्कला उतरून पुढे कॅनडात आला असेल, तर कॅनडाच्या यादीत तो दिसणारच नाही. जहाज सापडलं तर आनंद आहे, पण जुन्या याद्यांत मूळ गाव क्वचितच असतं. त्याच्यामागे महिने घालवू नका.

प्रश्न : स्कॉटलंडच्या १८४१ च्या जनगणनेत पणजीची आई 'जेनेट, वय ३०', तर कॅनडात १८६१ मध्ये 'जेसी, वय ५५'. दोघी एकच का?

उत्तर : असू शकतात. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३४ वर्षांची बाई ३० ची झाली. कॅनडात १८६१ मध्ये 'येत्या वाढदिवसाला वय किती' असं विचारत, म्हणजे ५४ चे ५५ झाले. फरक मिटला. जेसी हे जेनेटचंच घरगुती रूप. तसंच डोनाल्डचा डॅनियल, एंगसचा इनियस, पॅट्रिकचा पीटर होतो. गेलिक (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची जुनी भाषा) नावाला इंग्रजी वहीत जवळचं सापडेल ते नाव चिकटवलेलं असे. आडनावातला 'मॅक' कधी 'एमसी' (Mc), कधी 'एमएसी' (Mac) असा लिहिलेला सापडतो. शोधताना 'एम' नंतर तारांकन (*), मग 'सी' आणि पुढचं नाव टाका. स्कॉटिश नोंदीत विवाहित बाई माहेरच्या आडनावानेही येते, कॅनडात मात्र सहसा नवऱ्याच्या.

पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवायची चाल होती. कुठे शोधायचं ते कळायला ती उपयोगी. पुरावा म्हणून मांडू नका.

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या कागदावर 'जन्म लॅनार्क' आणि दुसऱ्या एकावर 'एन. बी.' असं आहे. स्कॉटलंडच्या लॅनार्कमध्ये नोंद नाही.

उत्तर : लॅनार्क ओंटारिओतही आहे. १८२०-२१ मध्ये लॅनार्कशायरचे विणकर तिथे जाऊन वसले, त्यांनी गावाकडचं नाव नेलं. पर्थ, हॅमिल्टन, इनव्हर्नेस ही नावंही स्कॉटलंड आणि कॅनडा दोन्हीकडे सापडतात. त्यात स्कॉटलंडमध्ये लॅनार्क हे शहरही आहे आणि काउंटीही. 'एन. बी.' ब्रिटिश कागदावर असेल तर नॉर्थ ब्रिटन, म्हणजेच स्कॉटलंड. कॅनडाच्या कागदावर असेल तर न्यू ब्रन्सविक प्रांत.

प्रश्न : आमचा माणूस स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांचा, कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीत होता म्हणतात.

उत्तर : मग तुमचं काम सोपं. कंपनीची दफ्तरं विनिपेगला आहेत, आणि अनेक नोकरांची चरित्रपत्रकं ऑनलाइन मोफत मिळतात. पत्रकावर सहसा नावापुढे मूळ पॅरिश आणि खाली वर्षवार ठाणी व हुद्दे असतात. ऑर्कनीतलं स्ट्रॉमनेस हे कंपनीच्या जहाजांचं निघण्यापूर्वीचं शेवटचं बंदर, त्यामुळे तिथलीच भरती फार. त्यानं तिकडे मूळनिवासी बाईशी संसार केला असेल, तर मुलांची नावं रेड रिव्हरच्या (आजच्या विनिपेगजवळची वसाहत) चर्चवह्यांत आणि १८७० नंतर मेटी (युरोपीय व मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या) कुटुंबांनी जमीन किंवा पैशासाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रांत शोधा. त्यांत अर्जदाराचा जन्म आणि आईवडील दोघंही लिहिलेले असतात.