एमआयटीची पोहण्याची चाचणी: आधी श्वास, मग वेग

अमेरिकेतल्या एमआयटीत (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) पदवीला जाणाऱ्यांना १०० यार्ड न थांबता पोहून दाखवावं लागतं. म्हणजे २५ यार्डांच्या तलावाच्या चार लांब्या, साधारण ९१ मीटर. वेळेची अट नाही, स्ट्रोकही (पोहण्याची पद्धत) कुठलाही चालतो. तुझ्या इथला तलाव ५० मीटरचा असेल तर जाऊन-येऊन एक फेरी सलग जमली की पुरे.

विहिरीत शिकलेल्यांची गोची वेगळीच असते. डोकं सतत पाण्याबाहेर, त्यामुळे कंबर आणि पाय खाली जातात, पाणी अडवतं आणि दुसऱ्या लांबीतच दम लागतो. तोंड पाण्यात घाल, नाकातोंडाने बुडबुडे सोडत श्वास पूर्ण बाहेर टाक, मग मान फक्त बाजूला वळवून श्वास आत घे. श्वास कोंडून हात मारणारे हमखास अडकतात. पहिली लांबी मुद्दाम रेंगाळत कर, धापा लागल्या तर पाठीवर हो, पण पाय मारत राहा. भिंत आली की हात लावून लगेच वळ, लटकू नकोस.

सुती टी-शर्ट नको, भिजला की जड होतो. आणि अजिबातच येत नसेल तर घाबरायचं कशाला? तिथे नवशिक्यांचा पोहण्याचा वर्ग घेता येतो, शारीरिक शिक्षणाच्या सक्तीच्या तासांत तो धरलाही जातो.