स्पेनची रिबेरा देल दुएरो रेड वाइन मटणाच्या रश्शाबरोबर चालेल का?

भावाने स्पेनहून रिबेरा देल दुएरोची ‘क्रिआन्सा’ आणलीय, बाटलीवर 14.5 टक्के अल्कोहोल लिहिलंय आणि रविवारी घरी मटण आहे, असं तुम्ही लिहिलंत. मटणाबरोबर जरूर उघडा. झणझणीत रश्शाबरोबर मात्र नको.

मी काही वर्षं स्पेनमधल्या वायादोलिद शहरात राहिले. रिबेरा देल दुएरो हा वाइनचा भाग दुएरो नदीच्या काठाने पसरलेला आहे. हीच नदी पुढे पोर्तुगालमध्ये जाऊन पोर्तोला समुद्राला मिळते. द्राक्षमळे समुद्रसपाटीपासून साधारण 750 ते 900 मीटरवर. उन्हाळ्यात दुपारी अंग भाजतं आणि रात्री स्वेटर घालावा लागतो. टेम्प्रानिओ द्राक्षाला (तिथले लोक त्याला टिंटो फिनो म्हणतात) हेच मानवतं. ऊन भरपूर, त्यामुळे साखर वाढते, म्हणून अल्कोहोलही जास्त; थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकतो. साल जाड, म्हणून रंग गडद आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) भरपूर. तुमची क्रिआन्सा आहे म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. वेगा सिसिलिया ही तिथली नावाजलेली वायनरी 1864 पासूनची, पण या भागाला अधिकृत दर्जा मिळाला तो 1982 मध्ये.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ कोरडी पडते. चरबी आणि मीठ सोबत असलं की तो तुरटपणा निवळतो. अरांदा दे दुएरो, पेन्याफिएल या गावांत याच वाइनबरोबर लेचाथो खातात: आईच्या दुधावरच वाढलेलं कोकरू, मातीच्या भांड्यात, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. मसाला काय? पाणी आणि मीठ. सोबत पाव आणि हिरव्या पानांचं साधं सॅलड. पहिल्यांदा ताटात बघून मला वाटलं होतं, याला चव कुठून येणार! पण कुरकुरीत साल, खाली मऊसूत चरबी आणि वर या वाइनचा घोट. मग मसाल्याची आठवणही होत नाही.

लाल तिखट मात्र या वाइनचं वैरी. अल्कोहोलमुळे तिखटाची आग आणखी भडकते आणि टॅनिन कडवट लागू लागतं. मग महागड्या बाटलीतली फळाची चव राहते बाजूला आणि तुम्ही पाणी मागत बसता.

म्हणून माझा सल्ला असा. मुलांसाठी आपण तिखट घालण्याआधी अळणी मटण बाजूला काढतो ना, तसे चरबीचे, हाडाचे तुकडे जरा जास्तच काढा. आलं, लसूण, हळद, मीठ एवढंच त्यात असतं. वाढताना तुपात काळी मिरी घालून लालसर परता. बाजूला भाकरी. रस्सा बाकीच्यांना वाढा, त्यांच्यासाठी थंड बिअर ठेवा.

शाकाहारी कोणी असेल तर मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज, मांचेगो मिळालं तर उत्तमच. नाहीतर लोण्यात परतलेले मश्रूम. भाजलेल्या वांग्याचं भरीतही छान जमतं, फक्त मिरची आणि कच्चा कांदा वगळा. बांगडा-सुरमई अजिबात नको. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळत नाही, तोंडात धातूसारखी चव येते.

‘रूम टेंपरेचर’ला प्या असं कोणी सांगितलं तर आपल्याकडच्या मे महिन्यात ते ऐकू नका. 16 ते 18 अंश हवं. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. उघडल्यावर काचेच्या जगमध्ये ओतून तासभर हवा लागू द्या, तरुण वाइनचा कडकपणा उतरतो. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चांगली राहते.